जॉन विल्सन

रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन (११ डिसेंबर १८०४, लॉडर, स्कॉटलंड – १ डिसेंबर १८७५, मुंबई) हे एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश ख्रिस्ती धर्मोपदेशक, शिक्षणसंस्थापक आणि प्राच्यविद्या अभ्यासक होते. मुंबईतील विल्सन महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. १८२९ पासून मृत्यूपर्यंत, दोन दीर्घ रजा वगळता, त्यांचे वास्तव्य मुंबईतच होते. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते अध्यक्ष होते, तसेच मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. मराठी भाषेच्या घडणीविषयी त्यांनी लिहिलेले टिपण मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला जोडलेले आहे. महाराष्ट्राच्या धर्मचर्चेच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव आदर आणि रोष या दोन्ही भावनांनी घेतले गेले आहे.

जन्म, बालपण व शिक्षण

विल्सन यांचा जन्म स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळील बेरिकशर परगण्यातल्या लॉडर या लहानशा गावी झाला. घराणे शेतकऱ्यांचे होते. वडील अँड्र्यू विल्सन गावच्या नगरसभेचे दीर्घकाळ सभासद होते. घरात धार्मिक शिस्त कडक होती, आणि थोरल्या मुलाने धर्मोपदेशक व्हावे याला कोणाचाही विरोध नव्हता. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले. भाषा, तत्त्वज्ञान आणि ईश्वरशास्त्र असा आठ वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तेथे पूर्ण केला. मधल्या काळात एका धर्मोपदेशकाच्या घरी मुलांना शिकवून त्यांनी आपल्या खर्चाचा भार हलका केला. परदेशी जाण्याचा निश्चय झाल्यावर त्यांनी काही काळ शरीरशास्त्र आणि शस्त्रक्रियेचाही अभ्यास केला.

विद्यार्थिदशेतच, १८२५ मध्ये, त्यांनी सहाध्यायांची एक मिशनरी संघटना उभी केली. १८२८ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. ते जॉन एलियट यांचे चरित्र होते. एलियट हे सतराव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत गेलेले धर्मोपदेशक होते. तेथील मूळ रहिवाशांची भाषा शिकून त्यांनी त्या भाषेत बायबलचे भाषांतर केले व ते छापविले. विल्सन यांनी पहिल्या लेखनासाठी हाच नायक निवडला, ही बाब सूचक आहे. ज्या लोकांत जायचे त्यांची भाषा आधी आत्मसात करायची, तिचे व्याकरण आणि शब्दसंग्रह सिद्ध करायचे आणि मग बोलायचे, हा एलियट यांचा क्रम विल्सन यांनी पुढे कोकणात आणि मुंबईत जवळजवळ जसाच्या तसा पाळला.

२४ जून १८२८ रोजी त्यांना धर्मोपदेशकपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी मार्गारेट बेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि लगेच हे दांपत्य स्कॉटिश मिशनरी सोसायटीच्या वतीने हिंदुस्थानाकडे निघाले. फेब्रुवारी १८२९ मध्ये ते मुंबईस पोहोचले.

हर्णै आणि मराठी

त्या वेळी मुंबईत मिशनरी अगदीच नवखे नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी १८१३ पासून येथे काम करीत होते. त्यांनी छापखाना चालविला होता, आणि १८२४ मध्ये मुलींची शाळाही सुरू केली होती. स्कॉटिश मिशनचे काम १८२३ पासून चालू होते, पण त्याची ठाणी कोकणात बाणकोट आणि हर्णै येथे होती. विल्सन मुंबईत न थांबता तिकडे गेले.

हर्णैच्या किनाऱ्यावर त्यांनी मराठीचा अभ्यास सुरू केला. काही महिन्यांतच ते मराठीतून प्रवचन करू लागले. मराठीत तीन लिंगे आहेत आणि क्रियापद कधी कर्त्याकडे, तर कधी कर्माकडे झुकते. इंग्रजी बोलणाऱ्याला येथे हटकून अडखळायला होते, हे ज्याने परभाषकाला मराठी शिकविली आहे त्याला सांगावे लागत नाही. १८२९ च्या अखेरीस विल्सन दांपत्य मुंबईस परतले. पुढील काही वर्षांत विल्सन यांनी गुजराती, हिंदुस्थानी, फारसी आणि संस्कृत या भाषाही हस्तगत केल्या. हिब्रू त्यांना आधीपासूनच येत होती.

या हिब्रूचा उपयोग त्यांनी अनपेक्षित ठिकाणी केला. कुलाबा जिल्ह्यात आणि मुंबईत बेने इस्रायल या ज्यू समाजाची वस्ती होती. तेली म्हणून आजूबाजूचे लोक त्यांना ओळखत. शनिवारी ते घाण्याला सुट्टी देत, म्हणून त्यांचे नावच शनिवार तेली असे पडले होते. त्यांची मातृभाषा मराठी होती आणि हिब्रूचे ज्ञान बरेचसे लोपले होते. विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक मराठीत लिहिले. त्यांच्या शाळांत या समाजाची मुले मोठ्या संख्येने येत. हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. तथापि एका समाजाच्या हाती त्याच्या धर्मग्रंथांची भाषा त्याच्याच बोलीतून परत देण्यास त्यामुळे हातभार लागला, हेही नोंदविले पाहिजे.

मार्गारेट विल्सन

विल्सन यांच्या शैक्षणिक कार्याचा पाया त्यांच्या पत्नीने घातला. मार्गारेट स्वतः मराठी शिकल्या आणि मुंबईत येताच त्यांनी मुलींच्या शाळा काढण्यास सुरुवात केली. मुलींनी अक्षर शिकणे म्हणजे वैधव्य ओढवून घेणे अशी समजूत असलेल्या काळात घरोघर फिरून विद्यार्थिनी मिळवाव्या लागत. सुरुवातीच्या मुली बहुतेक गरीब घरांतल्या असत. थोड्याच काळात अशा अनेक शाळा उभ्या राहिल्या आणि त्यानंतर निवासी मुलींची शाळाही निघाली. मुंबईतील आजच्या सेंट कोलंबा शाळेचा इतिहास याच प्रयत्नापर्यंत मागे जातो.

शाळांची देखरेख, पुस्तकांची भाषांतरे, नियतकालिकासाठी लेखन, घर आणि मुले हा सर्व भार त्यांनी सहा वर्षे वाहिला. १८३५ च्या आरंभी विल्सन गुजरात आणि काठेवाडच्या दौऱ्यावर गेले होते. ते परत आले त्या सुमारास मार्गारेट यांची प्रकृती ढासळली आणि १९ एप्रिल १८३५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. विल्सन यांनी १८३८ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मार्गारेट यांच्या दोन बहिणी, अ‍ॅना आणि हे बेन, शाळांचे काम पुढे चालविण्यासाठी स्कॉटलंडहून मुंबईस आल्या. पश्चिम भारतातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना या तिघींची नावे फारशी घेतली जात नाहीत. विल्सन यांचे नाव मोठे झाले, त्याच्या सावलीत त्या झाकल्या गेल्या.

थोरला मुलगा अँड्र्यू (१८३१–१८८१) पुढे पत्रकार आणि प्रवासी म्हणून नावारूपास आला. मुंबईतील इंग्रजी वृत्तपत्रांत त्याने काम केले आणि १८७५ मध्ये हिमालयाच्या प्रवासाचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध होऊन बरेच वाचले गेले.

वादविवादांची वर्षे

१८३० मध्ये विल्सन यांनी ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर हे इंग्रजी मासिक सुरू केले. त्याच वर्षापासून मुंबईत धर्मावरील जाहीर वादसभा भरू लागल्या. त्यांतील सर्वांत गाजलेली सभा फेब्रुवारी १८३१ मध्ये झाली. हिंदू धर्माची बाजू मोरभट दांडेकर यांनी मांडली. वाद मराठीतून झाला आणि तो काही संध्याकाळी चालला. त्यानंतर मोरभटांनी हिंदुधर्मस्थापना हे पुस्तक लिहिले. त्याला उत्तर म्हणून विल्सन यांनी १८३२ मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या आरंभी त्यांनी मोरभटांच्या पुस्तकाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर छापले होते. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी वाचकापुढे ठेवून मगच त्याचे खंडन करण्याची ही रीत आपल्याकडील पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांच्या परंपरेशी जुळणारी होती.

पुढे सातारा येथील नारायणराव यांनी स्वदेशधर्माभिमानी या पुस्तकातून विल्सन यांना प्रत्युत्तर दिले. नारायणराव इंग्रजी जाणणारे होते आणि युरोपातील नास्तिक व संशयवादी लेखकांचे युक्तिवाद त्यांनी ख्रिस्ती धर्माविरुद्ध वापरले. त्यावर विल्सन यांनी १८३४ मध्ये दुसरे पुस्तक लिहून वेदान्तावरही टीका केली. मुस्लिम विद्वानांशीही त्यांचे असेच वाद झाले.

विल्सन यांचा स्वर अनेकदा कठोर असे. पुराणांतील कथांवर ते तुटून पडत आणि त्या कथांचा रूपकात्मक अर्थ लावण्याची परंपरा त्यांनी फारशी विचारात घेतली नाही. या पुस्तकांमुळे सामान्य श्रद्धाळू माणूस दुखावला गेला, यात संशय नाही. मात्र या वादांचा मराठी भाषेवर झालेला परिणाम वेगळाच आहे. तोपर्यंत शास्त्रचर्चा संस्कृतात आणि कथाकीर्तन मराठीत अशी वाटणी होती. या सभांमध्ये शास्त्राचा वाद प्रथमच बाजारात उभ्या असलेल्या माणसाला कळेल अशा मराठीत उतरला, छापला गेला आणि विकला गेला. पुढील पिढीत विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जे वाद केले, ज्यांचा वृत्तांत अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी प्रसिद्ध केला, त्यांची जमीन या आधीच्या वादांनी तयार केली होती.

आंब्रोळीची शाळा

२९ मार्च १८३२ हा आजच्या विल्सन महाविद्यालयाच्या इतिहासाचा आरंभदिन मानता येतो. त्या दिवशी गिरगावातील आंब्रोळी येथे विल्सन यांनी इंग्रजी शाळा सुरू केली. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी दोनच वर्षांपूर्वी अशी शाळा काढली होती, आणि तिची कीर्ती सर्वत्र पसरली होती. पण दोघांच्या धोरणांत महत्त्वाचा फरक होता. डफ यांचा सर्व भर इंग्रजीवर होता. विल्सन यांना इंग्रजी हवीच होती, पण मातृभाषेचा पाया पक्का असल्याशिवाय वरची इमारत टिकत नाही, असे त्यांचे मत होते. त्यामुळे त्यांच्या संस्थेत मराठी, गुजराती यांना आणि प्राचीन भाषांना शेवटपर्यंत स्थान राहिले. एल्फिन्स्टन यांच्या नावाने निघालेल्या सरकारी विद्यालयात धर्मशिक्षण नव्हते. आंब्रोळीत बायबल अनिवार्य होते आणि पालकांना त्याची कल्पना होती. तरीही मुले येत, कारण शिकविणे चांगले होते आणि इंग्रजी शिकलेल्याला कचेरीची वाट खुली होती.

१८३५ मध्ये स्कॉटिश मिशनचा कारभार चर्च ऑफ स्कॉटलंडकडे गेला आणि शाळेलाही त्या चर्चच्या महासभेचे नाव मिळाले. रॉबर्ट नेस्बिट आणि १८३८ मध्ये आलेले जेम्स मरे मिचेल हे विल्सन यांचे मुख्य सहकारी. नेस्बिट यांच्या मराठीची ख्याती मोठी होती. याच स्कॉटिश मिशनच्या पुण्यातील शाळेत जोतीराव फुले शिकले, आणि मुंबईच्या संस्थेत पुढे बाबा पदमनजी शिकले, ज्यांचे यमुनापर्यटन १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले.

१८३९ चा पारशी खटला

शाळेच्या आयुष्यातील सर्वांत मोठे वादळ १८३९ मध्ये उठले. धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचे ठरविले. १ मे १८३९ रोजी धनजीभाईंचा बाप्तिस्मा झाला आणि थोड्याच दिवसांत होरमसजींचाही. मुंबईच्या पारशी समाजात हलकल्लोळ उडाला. दोघे तरुण विल्सन यांच्या घरी राहत होते, आणि त्यांच्या सुरक्षेची काळजी करण्याची वेळ आली. धनजीभाई अल्पवयीन आहेत, त्यांना फूस लावून अडकवून ठेवले आहे, असा दावा करून त्यांच्या आप्तांनी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. न्यायालय गर्दीने भरून गेले. धनजीभाई स्वतःचा निर्णय घेण्याइतके समजदार आहेत, त्यांनी हवे तेथे जावे, असा निकाल झाला. ते विल्सन यांच्याकडे परत गेले.

विल्सन खटला जिंकले, पण शाळा हरली. पारशी पालकांनी मुले काढून घेतली आणि त्यांच्यामागोमाग हिंदू पालकांनीही. बाकांवर थोडीच मुले उरली. शिक्षण हे धर्मांतराचे आमिष आहे की नाही हा प्रश्न यानंतर मुंबईत उघडपणे विचारला जाऊ लागला. मिशनरी शिक्षणाच्या पाठीराख्यांना त्याचे उत्तर सोपे कधीच गेले नाही. एक शिक्षक म्हणून पाहिले तर विद्यार्थ्याच्या सदसद्विवेकाचा मान राखणे आणि त्याच्या आईवडिलांनी टाकलेला विश्वास राखणे या दोन जबाबदाऱ्या येथे समोरासमोर उभ्या राहिल्या होत्या. विल्सन यांनी पहिलीची बाजू घेतली आणि तिची किंमत मोजली.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने नेस्बिट यांच्याकडून दीक्षा घेतली. तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरूनही असाच खटला झाला. या वेळी निकाल उलट लागला. श्रीपत लहान असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावर महाराष्ट्रात मोठा वाद माजला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी पुढाकार घेऊन सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. या काळात विल्सन मुंबईत नव्हते. थोरले बंधू नारायण शेषाद्री यांनी पुढे जालना परिसरात काम केले आणि जालन्याजवळ निजामाच्या मुलखात मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचे गाव वसविले.

पारशी धर्मावरील विल्सन यांचे मोठे पुस्तक १८४३ मध्ये निघाले. अवेस्ता आणि पहलवी ग्रंथांच्या आधारे त्यांनी त्या धर्माची चिकित्सा केली होती. स्वतःच्या धर्मग्रंथांची भाषा येणारे विद्वान आपल्यात किती थोडे आहेत याची जाणीव या निमित्ताने पारशी समाजाला झाली, आणि पुढे खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्या प्रयत्नांतून अवेस्ताचा आधुनिक अभ्यास मुंबईत उभा राहिला. १८४५ मध्ये विल्सन यांची लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवड झाली.

गिरनार, वारली आणि लेणी

धर्मप्रसारासाठी विल्सन यांनी महाराष्ट्र, गोवा, गुजरात, काठेवाड आणि राजस्थानचे अनेक दौरे केले. १८३५ च्या दौऱ्यात ते गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या मोठ्या शिलालेखापाशी थांबले. त्याचे अक्षर कोणालाच वाचता येत नव्हते. या लेखाचा ठसा कापडावर घेण्याची व्यवस्था त्यांच्यासाठी कॅप्टन लँग यांनी केली, आणि तो कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेला. ब्राह्मी लिपीची किल्ली प्रिन्सेप यांच्या हाती नुकतीच लागली होती. ओरिसातील धौलीच्या लेखाशी गिरनारचा मजकूर जुळला आणि त्यात अंतियोक या ग्रीक राजाचे नाव वाचले गेले. त्यामुळे अशोकाचा काळ निश्चित करण्यास भक्कम आधार मिळाला. हे श्रेय प्रिन्सेप यांचेच आहे, पण ठसा मुंबईहून गेला होता.

१८३५ ते १८४२ या काळात विल्सन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष होते. उत्तर कोकणातील वारली आणि कातोडी या वन्य जमातींवर त्यांनी लिहिलेला वृत्तांत लंडनच्या सोसायटीच्या नियतकालिकात १८४३ मध्ये छापला गेला. वारली समाजाविषयीच्या सर्वांत जुन्या लेखी वर्णनांत त्याची गणना होते. १८४८ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांच्या पाहणीसाठी आयोग नेमला गेला तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. घारापुरी, कान्हेरी, कार्ले, वेरूळ आणि आपल्या बुलढाण्याच्या घाटापलीकडचे अजिंठा यांसह त्या वेळी ठाऊक असलेल्या लेण्यांची नोंद त्यांनी १८५० मध्ये सिद्ध केली. पाणी, माती आणि धूर यांपासून लेणी वाचविण्याची गरज त्यातून सरकारच्या लक्षात आली. मूर्तिपूजेवर आयुष्यभर टीका करणाऱ्या माणसाने मूर्तींच्या जतनासाठी सरकारकडे खटपट करावी, हा विरोधाभास त्यांच्या समकालीनांच्याही नजरेतून सुटला नसावा.

स्वदेशी रजा आणि चर्चमधील फूट

जानेवारी १८४३ मध्ये विल्सन धनजीभाई नवरोजींना सोबत घेऊन स्कॉटलंडकडे निघाले. वाटेत त्यांनी इजिप्त, सिनाई, पेट्रा आणि पॅलेस्टाइनचा प्रवास केला. बायबलमधील प्रदेशांचे त्यांचे दोन खंडांतील वर्णन १८४७ मध्ये प्रसिद्ध झाले.

ते प्रवासात असतानाच मे १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये फूट पडली. गावचा धर्मोपदेशक जमीनदाराने नेमावा की भाविकांनी निवडावा, हा वादाचा मुद्दा होता. सुमारे ४५० धर्मोपदेशकांनी आपली घरे, पगार आणि चर्चच्या इमारती सोडून फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड स्थापन केले. विल्सन आणि मुंबईतील त्यांचे सहकारी नव्या चर्चकडे गेले. परिणामी आंब्रोळीची नवी इमारत, ग्रंथ आणि उपकरणे जुन्या चर्चच्या मालकीची राहिली. जी शाळा पारशी खटल्यानंतर कशीबशी सावरत होती, ती पुन्हा भाड्याच्या जागेत आली. विल्सन यांच्या संस्थेला पुन्हा स्वतःची वास्तू मिळण्यास बरीच वर्षे लागली.

याच रजेच्या काळात नागपूरला मिशन काढण्याचा विचार पक्का झाला, आणि फ्री चर्चने तेथे पाठविलेले स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या आरंभी नागपुरात पोहोचले. विदर्भातील वाचकांना त्यांचे नाव नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयामुळे परिचित आहे. १८४६ मध्ये विल्सन यांनी इसाबेला डेनिस्टन यांच्याशी दुसरा विवाह केला आणि १८४७ च्या अखेरीस ते मुंबईस परतले. धनजीभाईंना १८४६ मध्ये एडिंबरोत धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९०८ मध्ये त्यांचे निधन झाले.

विद्यापीठ आणि मराठी

१८५४ च्या वुड यांच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा विल्सन त्याच्या पहिल्या फेलोंपैकी एक होते. कला शाखेचे ते अधिष्ठाता झाले. संस्कृत, फारसी, हिब्रू, मराठी, गुजराती आणि हिंदुस्थानी अशा सहा भाषांचे ते परीक्षक होते. विद्यापीठांच्या इतिहासात असे परीक्षक विरळाच. त्याच वर्षी उठावाच्या धामधुमीत हाती लागलेली वेगवेगळ्या लिप्यांतील व बोलींतील पत्रे वाचण्यासाठी सरकारला त्यांचीच मदत घ्यावी लागली.

मोल्सवर्थ यांच्या कोशाची सुधारित आवृत्तीही १८५७ ची. तिच्यासाठी विल्सन यांनी मराठीचे घटक, प्रसार आणि उपयोग यांविषयी दीर्घ टिपण लिहिले. संस्कृतातून आलेले शब्द, प्राकृतातून घडलेले शब्द, फारसी–अरबीचा भरणा आणि द्राविडी भाषांशी असलेले नाते यांचा त्यात विचार आहे. मराठीच्या ऐतिहासिक अभ्यासाच्या अगदी आरंभीच्या लेखनात त्याचा समावेश करावा लागतो. आज ते बहुतेक वेळा वाचले जात नाही, कारण कोश उघडणारा थेट शब्दाकडे जातो.

१८५५ मध्ये त्यांनी पश्चिम भारतातील बालिकाहत्येच्या निर्मूलनाचा इतिहास प्रसिद्ध केला. काठेवाड आणि कच्छमधील जाडेजा राजपुतांमधील या प्रथेविरुद्ध सरकारी अधिकाऱ्यांनी केलेल्या दीर्घ प्रयत्नांचा तो सविस्तर वृत्तांत आहे.

१८६८ मध्ये विल्सन यांची मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरुपदी नेमणूक झाली. त्यांच्या कारकिर्दीतच, १ मार्च १८६९ रोजी, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभ्या राहणाऱ्या राजाबाई मनोऱ्याची पायाभरणी झाली.

आफ्रिकेतील दोन मुले

त्यांच्या शाळेत आफ्रिकेतील मुलेही शिकत असत. १८६४ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपली छोटी आगबोट घेऊन हिंदी महासागर ओलांडून मुंबईस आले. त्यांच्यासोबत गुलामांच्या व्यापाऱ्यांकडून सोडविलेली चुमा आणि विकातानी ही दोन मुले होती. त्यांना त्यांनी विल्सन यांच्याकडे शिक्षणासाठी ठेवले. पुढल्या वर्षी लिव्हिंग्स्टन परत आले आणि त्यांना घेऊन शेवटच्या प्रवासाला निघाले. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावले तेव्हा त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत कित्येक महिने वाहून आणणाऱ्या निष्ठावंतांमध्ये हा मुंबईत शिकलेला चुमा होता.

अखेरची वर्षे

१८६७ मध्ये इसाबेला विल्सन यांचे निधन झाले. फेब्रुवारी १८६९ मध्ये विल्सन यांच्या मुंबईतील आगमनाला ४० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने वेगवेगळ्या धर्मांच्या नागरिकांनी त्यांचा सत्कार करून २१,००० रुपयांची थैली अर्पण केली. तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या शाळेतून मुले ओढून नेली होती, त्याच माणसासाठी हा निधी जमला होता. त्यातून मुंबई विद्यापीठात भाषाशास्त्रावरील विल्सन व्याख्यानमाला स्थापन झाली. १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी या व्याख्यानमालेत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर व्याख्याने दिली. आधुनिक भारतीय भाषाशास्त्राचा पाया म्हणून ती प्रसिद्ध आहेत. शेवटी विल्सन यांच्या कोणत्याही खंडनग्रंथापेक्षा या व्याख्यानमालेचा उपयोग मराठीच्या अभ्यासकांना अधिक झाला असे म्हणावे लागेल.

१८७० मध्ये फ्री चर्चच्या महासभेने त्यांना आपले अध्यक्ष निवडले आणि त्यासाठी ते स्कॉटलंडला गेले. तेथेच निवृत्त होऊन राहणे त्यांना सहज शक्य होते. ते मुंबईस परतले. मलबार टेकडीवरील क्लिफ या त्यांच्या घरी पंडित, मुनशी, विद्यार्थी आणि परदेशी पाहुणे यांची वर्दळ पुन्हा सुरू झाली. भारतीय जातिव्यवस्थेवर त्यांनी मोठा ग्रंथ हाती घेतला होता, पण तो अपुराच राहिला. नोव्हेंबर १८७५ मध्ये वेल्सचे युवराज मुंबईस आले तेव्हा शहर रोषणाईत होते आणि विल्सन अंथरुणाला खिळलेले होते. १ डिसेंबर १८७५ रोजी, एकाहत्तरावा वाढदिवस दहा दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले. मुंबईतील स्कॉटिश दफनभूमीत त्यांचा अंत्यविधी झाला. जातिव्यवस्थेवरील ग्रंथाचे दोन खंड १८७७ मध्ये, आणि जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १८७८ मध्ये प्रकाशित झाले.

महाविद्यालयाचे पुढे काय झाले

विल्सन यांच्यानंतर संस्थेची धुरा ड्युगल्ड मॅकिकन यांच्याकडे आली. तेही पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १८८९ मध्ये गिरगाव चौपाटीसमोर जॉन अ‍ॅडम्स यांनी आराखडा केलेली गॉथिक धाटणीची इमारत उभी राहिली आणि महाविद्यालय तेथे गेले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे आणि भारताचे पंतप्रधान मोरारजी देसाई हे या महाविद्यालयाचे विद्यार्थी. ही वास्तू आजही चौपाटीच्या रस्त्याला तोंड करून उभी आहे.